चिकटवलेला जोड सुटतो तो टोकाला

ओझरच्या एचएएल कारखान्यात बांधलेलं पहिलं तेजस मार्क १ए लढाऊ विमान ऑक्टोबर २०२५मध्ये उडालं, तेव्हापासून नाशकात त्यात वापरलेल्या कार्बन कॉम्पोझिटबद्दल, म्हणजे कार्बन तंतूंचे थर रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकने जोडून केलेल्या साहित्याबद्दल, कुतूहल वाढलंय. त्याबरोबर एक समजही ऐकू येतो: कॉम्पोझिट आणि धातू चिकटवताना जोड जितका लांब तितका पक्का. तसं नसतं.

दोन पट्ट्यांची टोकं एकमेकींवर चढवून चिकटवा आणि ओढा. जोड सुरू होतो तिथे एका पट्टीवर सगळा भार असतो, दुसरीवर जवळजवळ काहीच नाही. म्हणजे एक ताणली जाते, दुसरी जागच्या जागी. हा फरक सोसायचा कुणी? मधल्या, मिलिमीटरहून पातळ गोंदाने. दुसऱ्या टोकाला हेच उलट घडतं. मधोमध मात्र दोघी मिळून भार वाहतात, तिथल्या गोंदाला फारसं काम उरत नाही. अभियंता फोल्करसेन यांनी १९३८ साली हे गणित मांडलं, तेही रिव्हेटच्या जोडांसाठी! एका मर्यादेनंतर लांबी वाढवली की वाढतो तो हा रिकामा मधला भागच. टोकांवरचा ताण जवळपास तेवढाच राहतो. म्हणून 'अमुक टन पेलणारा गोंद' या जाहिरातीवर जोडाचा आकार कळल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

शिवाय दोन्ही पट्ट्या एका रेषेत नसतात. ओढलं की जोड किंचित वाकतो, टोकं उचकटू लागतात. कॉम्पोझिटचे थर एकमेकांना फक्त रेझिनने धरलेले असल्याने अनेकदा गोंद शाबूत राहतो आणि कॉम्पोझिटचाच वरचा थर सोलून निघतो. यावर उपाय म्हणजे पट्टीची कड उतरती करणं आणि बाहेर आलेला गोंद खरवडून न काढणं.

तापमानाचा मारही या टोकांवरच. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर आकसतं, कार्बनचे तंतू लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. गोंद घट्ट व्हावा म्हणून १२० अंशांवर तापवलेला जोड २० अंशांवर येईतो मीटरमागे दोन मिलिमीटरहून जास्त तफावत पडू पाहते. भार यायच्या आधीच गोंद ताणलेला! निफाडच्या थंडीत त्यात आणखी भर.

तुटलेला जोड नीट पाहावा. दोन्ही बाजूंना गोंद असेल तर गोंद स्वतः फाटलाय. गोंदावर काळे तंतू दिसले तर कॉम्पोझिट हरलं. धातू उघडा, स्वच्छ दिसला तर बहुधा पृष्ठभागाची तयारी कच्ची होती. ती तपासण्यासाठी चिकटवण्याआधी, घासून धुतलेल्या पत्र्यावर शुद्ध पाणी सोडतात. पाणी सलग पसरून राहिलं तर ठीक. थेंब गोळा झाले तर तेलकटपणा शिल्लक आहे, पत्रा पुन्हा धुवायचा.