व्हॅल्यू ‘अनलॉक’ झाली, पण वाढली का?

एखाद्या अवाढव्य उद्योगसमूहाने विभाजन जाहीर केलं आणि शेअर उसळला, की ‘व्हॅल्यू निर्माण झाली’ असं लिहून मोकळं व्हायचं. याचा आता कंटाळा आलाय. झालेलं असतं अनलॉकिंग.

अनलॉकिंग तुम्हाला माहीत आहेच. समूहाचा बाजारभाव त्याच्या तुकड्यांच्या बेरजेपेक्षा कमी असतो आणि तुकडे वेगळे झाले की ही तूट भरून निघते. एकदाच. (डीमर्जर की थेट विक्री यावरही लोक वाद घालतात. पहिल्यात धंद्याची वेगळी कंपनी होते आणि तिचे नवे शेअर भागधारकांना मिळतात, दुसऱ्यात धंदा विकून पैसे कंपनीला. संपलं.)

निर्मिती म्हणजे तेच कारखाने, तेच भांडवल, पण त्यावर वर्षानुवर्षं जास्त रोकड. ती येते पैसा कुठे लावायचा हा निर्णय सुधारल्यामुळे. समूहात चांगल्या धंद्याची कमाई मुख्यालय रडतखडत चाललेल्या धंद्यात ओततं. वेगळं झाल्यावर ही वाट बंद होते, हा विभाजनाचा खरा फायदा. पण निर्णय घेणाऱ्यांची खोड तशीच राहिली, तर पदरात पडतात फक्त दोन बोर्डं आणि दोन मुख्यालयांचा खर्च. म्हणून मला घोषणेच्या दिवसाचा भाव दाखवू नका, पाच वर्षांनंतरचा भांडवलावरचा परतावा दाखवा.

सगळ्यांचं लाडकं उदाहरण जनरल इलेक्ट्रिकचं. 2021 मध्ये घोषणा, 2023 मध्ये हेल्थकेअर वेगळी, 2024 मध्ये ऊर्जेचा धंदा ‘व्हर्नोव्हा’ म्हणून, उरली एअरोस्पेस. शेअर वधारले आणि श्रेय गेलं विभाजनाला. पण 2018 मध्ये लॅरी कल्प कंपनीचे प्रमुख म्हणून आले तेव्हापासून कर्ज उतरवणं सुरूच होतं. बायोफार्माचा धंदा डॅनाहर कंपनीला विकला, विमानं भाड्याने देणारा धंदा एअरकॅप कंपनीला. पुढे एअरोस्पेसला कोविडनंतर सावरलेल्या विमानप्रवासाने हात दिला, व्हर्नोव्हाला विजेच्या वाढत्या मागणीने. माझ्या मते विभाजन हा त्या डागडुजीचा शेवटचा हात होता.

कधी कधी तर व्हॅल्यू या खिशातून त्या खिशात जाते, बस्स. हनीवेलने 2018 मध्ये टर्बोचार्जरचा धंदा ‘गॅरेट मोशन’ म्हणून वेगळा काढला आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्यांच्या भरपाईच्या दाव्यांचा मोठा भार त्याच्या गळ्यात बांधला. 2020 मध्ये गॅरेटने दिवाळखोरीचा अर्ज केला.

सीमेन्सचा ऊर्जेचा धंदा, सीमेन्स एनर्जी, 2020 मध्ये स्वतंत्र झाला. या कंपनीच्या पवनचक्क्यांच्या पात्यांत आणि बेअरिंगमध्ये दोष निघाले आणि 2023 मध्ये जर्मन सरकारला साडेसात अब्ज युरोची हमी द्यावी लागली. नंतर गॅस टर्बाइन आणि वीजजाळ्याच्या मागणीवर तिचा शेअर कित्येक पट झाला. विभाजन एकच. 2023 चा दोष त्याला लावणार नसाल, तर नंतरच्या तेजीचं श्रेयही त्याला देऊ नका.