एका विषाणूचे अनेक पूर्वज

९६.२ टक्के. २०२०च्या सुरुवातीला हा आकडा जगभर गेला. चीनच्या युन्नान प्रांतात २०१३ साली एका वटवाघळाच्या नमुन्यात मिळालेला ‘आरएटीजी१३’ हा विषाणू कोविडच्या विषाणूशी इतका जुळत होता. अनेकांना वाटलं, मूळ सापडलं. पण कोरोनाविषाणूचा जनुकसंच, म्हणजे त्याची संपूर्ण आनुवंशिक माहिती, सुमारे ३०,००० रासायनिक अक्षरांचा असतो. उरलेले ३.८ टक्के म्हणजे अकराशेहून अधिक अक्षरांचा फरक. माणसांत पसरताना सुरुवातीला या विषाणूत महिन्याला साधारण दोनच अक्षरं बदलत होती. त्या हिशेबाने हे दोन विषाणू वेगळे होऊन कित्येक दशकं उलटली आहेत. ते एकमेकांचे दूरचे भाऊबंद आहेत, बाप-लेक नव्हेत.

ही अक्षरं हाती येतात कशी? संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी बारीक जाळं लावतात. अडकलेलं वटवाघूळ हातमोजे घालून अलगद सोडवायचं, कापसाच्या काडीने घशातला आणि गुदद्वारातला नमुना घ्यायचा, मापं नोंदवायची आणि त्याला सोडून द्यायचं. विषाणूची ही अक्षरं ज्या रेणूत असतात तो आरएनए पटकन तुटतो, म्हणून काडी लगेच संरक्षक द्रावणात घालून थंडीत ठेवावी लागते. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा आधी पीसीआरने एक छोटासा तुकडा शोधला जातो. हा तुकडा असतो विषाणूच्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाचा. तो फारसा बदलत नाही, त्यामुळे ओळख पटवायला सोयीचा. मात्र हा विषाणू माणसाच्या पेशीत शिरू शकेल का, हे त्यावरून कळत नाही. ते बरंचसं विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काटेरी प्रथिनाच्या जनुकावर ठरतं, आणि नेमका तोच भाग फार बदलतो. म्हणूनच संपूर्ण जनुकसंच वाचण्याला पर्याय नाही.

तो वाचला की खरी गुंतागुंत समोर येते. एकाच पेशीत दोन वेगवेगळे कोरोनाविषाणू शिरले, तर प्रत काढणारं विकर मध्येच एका आरएनएवरून उडी मारून दुसऱ्यावर जातं आणि अर्धवट प्रत तिथून पुढे पूर्ण करतं. तयार होणारा विषाणू गोधडीसारखा असतो, तुकडे निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले. याला पुनर्संयोजन म्हणतात. एकाच गुहेत अनेक जातींची वटवाघळं दाटीवाटीने राहतात, तिथे अशा भेटी घडत राहतात. युन्नानमधल्या एका गुहेतून संशोधकांनी पाच वर्षं नमुने घेतले. २००२-०३ साली साथ आलेल्या सार्स या श्वसनरोगाच्या कोरोनाविषाणूचा थेट पूर्वज तिथे मिळाला नाही, पण त्याच्या जनुकसंचाचे सगळे घटक तिथल्या वेगवेगळ्या विषाणूंमध्ये विखुरलेले आढळले. हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. या विषयातला सर्वांत बोलका पुरावा मला हाच वाटतो.

त्यामुळे ‘कोविडचा विषाणू कोणत्या वटवाघळातून आला?’ हा प्रश्न संपूर्ण विषाणूबद्दल एकदम विचारून भागत नाही. प्रत्येक तुकड्याची वंशावळ वेगळी काढावी लागते. लाओसमधल्या वटवाघळांत सापडलेला ‘बनाल-५२’ एकंदरीत ९६.८ टक्के जुळतो. शिवाय काटेरी प्रथिनाचा जो भाग माणसाच्या पेशीला चिकटतो, तो लाओसच्या या विषाणूंमध्ये कोविडच्या विषाणूशी जवळजवळ हुबेहूब आहे, तर आरएटीजी१३मध्ये बराच निराळा. मात्र कोविडच्या विषाणूत काटेरी प्रथिनाचे दोन भाग जिथे जुळतात, तिथे १२ अक्षरांचा जादा तुकडा आहे. फ्युरिन हे विकर प्रथिनाला तिथे कापतं. तो तुकडा लाओसच्या या विषाणूंत नाही.

वटवाघूळ आणि माणूस यांच्यामध्ये अनेकदा तिसरा प्राणी असतो. सार्सच्या वेळी ग्वांगडोंगच्या बाजारातल्या उदमांजरांत माणसातल्या विषाणूशी ९९.८ टक्के जुळणारा विषाणू मिळाला होता. मर्स या कोरोनाविषाणूमुळेच होणाऱ्या रोगाची लागण माणसाला उंटांकडून होते. हा रोग माणसात ओळखला गेला २०१२ साली, पण १९८३ साली साठवलेल्या उंटांच्या रक्तद्रवातही त्याची प्रतिपिंडं आढळली. प्रवास उलट दिशेनेही होतो. कोविडचा विषाणू माणसांकडून मिंक या फरसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यामध्ये गेला आणि तिथून बदललेल्या रूपात पुन्हा माणसांत आला. अमेरिकेत तो पांढऱ्या शेपटीच्या हरणांतही पसरला.

जुने नमुने जपून ठेवण्याचं मोल यातून दिसतं. कंबोडियात २०१० साली वटवाघळांचे नमुने गोळा करून गोठवून ठेवले होते. कोविडनंतर ते पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतल्या दोन नमुन्यांत कोविडच्या विषाणूशी ९२.६ टक्के जुळणारे विषाणू निघाले. या कुळाचा वावर चीनच्या सीमेपलीकडे कितीतरी दक्षिणेला, आणि तोही साथीच्या दहा वर्षं आधीपासून होता, हे त्या शीतपेटीमुळे कळलं. असे नमुने अनेक देशांत पडून असतील. ते वाचण्यासाठी पैसा द्यायला हवा आणि वाचलेले जनुकसंच सर्वांसाठी खुले करायला हवेत, कारण पुढच्या विषाणूच्या तुकड्यांची वंशावळ जुळवताना तुलनेला हेच लागणार आहेत.