झोप माझी, उत्तर तुझं?

गेल्या पावसाळ्यात आबांना तपासायला नेलं होतं. आबा म्हणजे माझे वडील, वय ७८. रक्तदाब जुनाच, त्यात पायांना सूज यायला लागलेली. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "यांना झोप लागते का?" मी म्हटलं, "लागते की." पुढचे पाच-सहा प्रश्नही असेच आबांच्या डोक्यावरून माझ्याकडं आले आणि मी ते झेलले. आबा शेजारीच बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "झोप माझी, आन् उत्तर तू देतोस व्हय रं?"

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

आबांनी चाळीस हंगाम गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून काढले. गुऱ्हाळ दुसऱ्याचं, पण रस उकळायला लागला की मालकसुद्धा गुळव्याच्या तोंडाकडं बघतो. काहिलीतला फेस कसा येतोय, बुडबुडा केव्हा बदलतो, थेंब पाण्यात टाकल्यावर गोळी वळते का, हे बघून "उतरवा" म्हणायचं ते त्यानंच. जरा उशीर झाला की गूळ काळा पडतो, घाई झाली की ढेप धरत नाही. असा हा माणूस कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरात तीन वर्षं गॅस पेटवत नव्हता. बंदी कुणी घातली नव्हती. "आबा, असू द्या, मी करते," एवढंच बायको म्हणायची.

या 'असू द्या'वर संशोधन झालेलं आहे. जेरी अ‍ॅव्हॉर्न हे डॉक्टर आणि एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्ध-शुश्रूषागृहात साधा प्रयोग केला. तिथल्या लोकांना तुकडे जुळवून चित्र पूर्ण करायचं कोडं दिलं. काहींच्या शेजारी बसून माणसं हातानं मदत करत, हा तुकडा इथं, तो तिथं. काहींना नुसतं तोंडानं प्रोत्साहन, हात लावायचा नाही. काही बैठकींनंतर सगळ्यांना एकट्यानं कोडं सोडवायला सांगितलं. ज्यांना हातानं मदत मिळाली होती त्यांची कामगिरी खालावली होती. ज्यांना नुसतं "जमतंय की" म्हटलं होतं त्यांची सुधारली. मदत करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आमच्याही घरात नव्हतं.

हे असं का होतं, याचं उत्तर बरीच वर्षं उलटं समजलं गेलं. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. विजेचा धक्का टाळायचा काहीच उपाय हाती नसलेली कुत्री पुढं उपाय समोर असूनही पडून राहिली. प्राणी हतबलता 'शिकतो' असा निष्कर्ष निघाला आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी लिहिलं की आपण ते उलटं वाचलं होतं. उंदरांच्या मेंदूवरच्या अभ्यासातून दिसलं, की लांबलेल्या त्रासापुढं गप्प पडून राहणं हा मेंदूचा मूळचाच प्रतिसाद आहे. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: 'माझ्या करण्यानं फरक पडतो.' कपाळामागच्या मेंदूचा एक भाग ही खूण ओळखतो आणि मेंदूच्या देठातल्या, माणसाला गारठवून टाकणाऱ्या केंद्राला आवर घालतो. उंदरांवरून माणसांबद्दल किती बोलावं याला मर्यादा आहे. पण आपल्या करण्यानं काही होतं हा अनुभव रोज थोडा मिळावा लागतो, हे मला आबांकडं बघून पटतं.

वृद्धांवरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग झाडांच्या कुंड्यांचा. १९७६ मध्ये लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी एका शुश्रूषागृहाच्या दोन मजल्यांवर वेगवेगळं बोलून बघितलं. एका मजल्याला सांगितलं, खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा ते तुम्ही ठरवा, हवी तर एक कुंडी निवडा आणि पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यालाही कुंडी दिली, पण पाणी परिचारिका घालणार. पहिला मजला जास्त ताजातवाना दिसू लागला. दीड वर्षानं पाहिलं तर पहिल्या मजल्यावरच्या ४७ जणांपैकी ७ वारले होते, दुसऱ्यावरच्या ४४ पैकी १३. हे आकडे व्याख्यानांत फार मिरवले जातात. मिरवणारे एक सांगत नाहीत: आकडेमोडीत चूक होती, ती नंतर संशोधकांनी छापून दुरुस्त केली, आणि मृत्यूंमधला फरक 'योगायोग असू शकेल' या काठावर आला. कुंडीनं आयुष्य वाढतं असं मी म्हणणार नाही. माणूस खुलतो, एवढं म्हणेन.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो रिचर्ड शुल्झ यांचा अभ्यास, आणि तो थोडा भीतिदायकही आहे. एका वृद्धाश्रमातल्या लोकांना भेटायला कॉलेजची मुलं यायची. काही वृद्धांना मुलानं कधी यावं, किती वेळ बसावं हे ठरवायची मुभा होती. काहींना फक्त आधी कळवलं जायचं, काहींकडं मुलं आपल्या सोयीनं टपकायची. ठरवणारे आणि आधी कळलेले दोन्ही गट तब्येतीनं, मनानं बरे दिसले. मग प्रयोग संपला, मुलं यायची थांबली. नंतर पाहिलं तर हेच सुधारलेले लोक घसरले होते. म्हणजे चार दिवस कौतुकानं हातात सूत्रं द्यायची आणि मग काढून घ्यायची, यापेक्षा न दिलेली बरी म्हणायची वेळ येते. ज्येष्ठ नागरिक दिनाला शाल-श्रीफळ देणाऱ्यांनी हे वाचावं.

शरीराचंही तेच आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. आजार कसलाच नाही. तेवढ्यात पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं. उलट बाजूला, १९९० मध्ये मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या, शुश्रूषागृहात राहणाऱ्या दहा जणांकडून देखरेखीखाली आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेतला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. तालमींच्या या गावात खरं तर हे सांगायची गरज पडू नये. पण आपल्याकडं बैठका पोरांच्या आणि आराम म्हाताऱ्यांचा, अशी वाटणी झालेली. रंकाळ्यावर रोज पहाटे चालणाऱ्या आजोबांचं कौतुक करणारा मुलगा घरी मात्र त्यांच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतो. मीही घेत होतो.

दवाखान्यात सोबत कुणी असणं वाईट नाही. ऐकू कमी येतं, गोळ्यांची नावं लक्षात राहत नाहीत, दुसरा कान उपयोगीच. पण १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात असं दिसलं, की खोलीत तिसरा माणूस असला की वृद्ध रुग्ण स्वतःचे मुद्दे कमी मांडतात, आणि कधी कधी तर त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलणं चालतं. सोबत्यानं खुर्ची जरा मागं घेतली तरी पुष्कळ होतं.

कागदोपत्री हक्कही आहेत, ते ज्याचे त्याला माहीत हवेत. ७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं कार्ड काढता येतं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानं, सांभाळण्याच्या अटीवर मुलांना लिहून दिलेली मालमत्ता, अट मोडली तर, परत मागता येते. शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७. आबांनी तो नंबर स्वतः फोनमध्ये घातला, मला हात लावू दिला नाही.

दोन महिन्यांनी, दुसऱ्या खेपेला, आम्ही त्याच डॉक्टरांकडं गेलो. मी मागच्या बाकड्यावर बसलो. आबांनी कॅलेंडरच्या पानाच्या पाठकोऱ्या बाजूवर तीन प्रश्न लिहून आणले होते. डॉक्टरांनी सवयीनं माझ्याकडं बघितलं, मी आबांकडं बघितलं.

"झोप लागतीया की," आबा म्हणाले, "पर रात्री चारदा उठाय लागतंय लघवीला. अंधारात परवा उंबऱ्याला अडखळलो. ही सुजेची गोळी तुम्ही संध्याकाळी लिहिलीया. सकाळी घेटली तर चालंल काय?"

डॉक्टर क्षणभर थांबले. सुजेची ती गोळी लघवीवाटे शरीरातलं जादा पाणी काढते. ती रात्री काम करायला लागली तर माणूस रात्रीच उठणार, आणि या वयात अंधारातला एक धडपडलेला पाय खुब्याचं हाड मोडून जातो. त्यांनी कागद घेतला, वेळ खोडून 'सकाळी' लिहिलं. मग स्वतःहून विचारलं, "आणखी दोन प्रश्न कुठले, आजोबा?" मला त्या दोन महिन्यांतलं एकदाही उठणं माहीत नव्हतं. मी शेजारच्या खोलीत घोरत होतो.

गोळी कुणी परस्पर सकाळी करू नये, हे सांगायलाच हवं. विचारावं मात्र जरूर.

घरी आल्यावर आबा सरळ स्वयंपाकघरात गेले. बायको सवयीनं "आबा, असू..." म्हणाली आणि थांबली. त्यांनी लायटर शोधला, चहा टाकला, उकळी आली तसं पातेलं खाली उतरवलं आणि मग गूळ घातला. "आधी घातला तर दूध नासतं, सूनबाई," ते म्हणाले. गेली तीन वर्षं आमच्याकडं गुळाचा चहा होत नव्हता, नासतो म्हणून.