अंगणवाडीतली शाळा कुठे गेली?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वयाची तीन वर्षे शालेय शिक्षणाच्या आकृतिबंधात घेतली, आणि तेव्हापासून 'आता अंगणवाडीतही शिकवायचंय म्हणे' असा सूर गावोगाव ऐकू येतो. जणू हे काहीतरी नवीनच आहे. खरे तर अंगणवाडी जन्मली ती शिकवण्यासाठीच. खिचडी, वजनकाटा आणि लसीचे कार्ड तिच्यात नंतर आले.

सुरुवात गुजरातेत सापडते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत मुलांचे घर उघडले होते, मुलाने खेळातून, स्वतःच्या हातांनी शिकावे अशा त्या पद्धतीचा हा देशी अवतार. पुढे ताराबाई मोडक तिथे दाखल झाल्या. मुंबईत १८९२ मध्ये जन्मलेल्या, प्रार्थना समाजाच्या घरात वाढलेल्या, पदवीधर, घटस्फोटित, पदरी मुलगी. त्या काळात असे आयुष्य ओढणे म्हणजे काय, याची कल्पना आज पटकन येत नाही. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या शिक्षणपत्रिका या मासिकाची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली, आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले.

हे सगळे चालले होते ते मुख्यतः पांढरपेशांच्या मुलांसाठी. मॉन्टेसरीची साधने महाग, बाई प्रशिक्षित हवी, मुलाला न्यायला-आणायला कुणीतरी घरी हवे. गांधीजींनी १९३१ मध्ये लंडनला मॉन्टेसरींच्या विद्यार्थ्यांसमोर बोलताना हेच खेड्यातल्या गरीब मुलांपर्यंत कसे पोचेल, याकडे लक्ष वेधले होते. ताराबाईंनाही हाच प्रश्न छळत होता. उत्तर शोधायला त्या १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, बोर्डीला गेल्या. सोबत आल्या अनुताई वाघ: बालविधवा, पुण्यात शिक्षिकेची नोकरी करणाऱ्या, वय पस्तीस. डहाणूच्या उत्तरेचा हा समुद्रकाठ. त्याच साली याच पट्ट्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला होता, एवढे सांगितले तरी तिथली परिस्थिती कळावी.

बालवाडी उघडली, पण पाड्यांवरची मुले काही येईनात. कारणे साधी होती. आईबाप उजाडताच कामाला जात. मोठी मुले गुरांमागे. सात-आठ वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर हिंडे. ती शाळेत आली तर भाऊ कुठे ठेवायचा? मग ताराबाईंनी उलटे केले. मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडीच पाड्यावर न्यायची. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली, जागा मिळेल तिथे. हीच अंगणवाडी. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. साधने विकत आणायची नाहीत: शिंपले, खडे, बिया, पाने. यांवर मोजणीही होते आणि रंग-आकारांची ओळखही. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरू लागली. धाकट्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी, मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा, हे सारे एकत्र आणून त्याला विकासवाडी म्हटले गेले. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांच्यानंतर अनुताईंनी काम १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ओढले.

या प्रयोगात आंघोळ आणि आरोग्य होतेच, पण ते शिकण्याची तयारी म्हणून. शिकणे मध्यभागी होते. पुढच्या तीस वर्षांत हा क्रम बदलला.

सरकारला याची जाणीव नव्हती असे नाही. १९४४ च्या सार्जंट अहवालात, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिक्षण आराखड्यात, तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी मोफत शिशुशिक्षणाची आणि त्यासाठी दहा लाख जागांची शिफारस होती. राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण लिहिले, खालची मर्यादा घातली नाही. म्हणजे अर्थ लावायचा तर तीन वर्षांचे मूलही त्यात आलेच. पण १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाने पूर्वप्राथमिक शिक्षण मुख्यत्वे खासगी प्रयत्नांवर सोडले. सरकारने प्रशिक्षण, संशोधन आणि मार्गदर्शन पाहावे, एवढीच भूमिका राहिली. माझ्या मते इथेच वाट चुकली. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी केजीची फी भरली. बाकीच्यांसाठी समाजकल्याण मंडळाच्या अनुदानावर चालणाऱ्या बालवाड्या होत्या, त्याही तुटपुंज्या.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वारे बदलले. मीना स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने शाळापूर्व मुलांची पाहणी केली आणि १९७२ मध्ये आहार, आरोग्य व शिक्षण एकत्र देण्याची शिफारस केली. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवणे), आईला आहार-आरोग्याचे शिक्षण आणि अनौपचारिक शाळापूर्व शिक्षण. कागदावर सहाही सारख्याच. प्रत्यक्षात मोजता येईल तेच टिकते. वजन किलोत मोजतात, आहार ग्रॅममध्ये. मुलाने गोष्ट नीट ऐकली का, याचा रकाना कुठल्या रजिस्टरला नसतो.

आहाराला मिळालेले महत्त्व चुकीचे होते असे मुळीच नाही. मेळघाटातले बालमृत्यू आपण पाहिले. २०१६ मध्ये जव्हार-मोखाड्यातल्या कुपोषणाच्या बातम्या आल्या, तोही पालघरच, म्हणजे कोसबाडचाच जिल्हा. उपाशी मुलाला बडबडगीत शिकवून काही होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही अंगणवाडीकडे पाहिले ते अन्नाच्या हक्काच्या खटल्यातून: २००१ मध्ये प्रत्येक वस्तीला अंगणवाडी द्या असा आदेश, २००६ मध्ये १४ लाख केंद्रांचे लक्ष्य. आज महाराष्ट्रात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत, त्यामागे हा दट्ट्या आहे. पण न्यायालयातून हक्क आला तो ताटातल्या अन्नाचा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो पक्का केला.

शिक्षणाचे मात्र उलटे झाले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क केले, पण सहा ते चौदा वयासाठी. सहाच्या आतली मुले हक्कातून काढून कलम ४५ मध्ये ठेवली, जिथे राज्याने 'प्रयत्न करावा' असे म्हटले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी मोफत पूर्वशिक्षणाची सोय सरकार 'करू शकेल'. करू शकेल, म्हणजे नाही केली तरी चालेल.

मग या वयात शिकवून खरोखर फरक पडतो का? २०२० च्या धोरणात मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते, हे वाक्य आहे. ते सगळ्या व्याख्यानांत वाजवले जाते, पण त्यावरून वर्गात काय करायचे ते कळत नाही. त्यापेक्षा कामाचा पुरावा तामिळनाडूतून आला आहे. तिथे काही अंगणवाड्यांत अर्धवेळ काम करणारी एक जादा बाई नेमली आणि बाकीच्यांशी तुलना केली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. अठरा महिन्यांनी त्या केंद्रांतली मुले गणितात आणि भाषेत पुढे होती. शिवाय खुंटलेली वाढ आणि तीव्र कुपोषणही तिथे कमी आढळले, कारण मूळच्या सेविकेला त्या कामासाठी सवड मिळाली. खाणे की शिकणे, असा वाद घालणाऱ्यांनी हा निकाल जरूर पाहावा.

अमेरिकेतला दाखला जुना आहे. मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात १९६२ पासून गरीब घरांतल्या १२३ मुलांचा अभ्यास झाला; त्यांतल्या काहींना चांगले बालवर्ग मिळाले. ती मुले चाळिशीत पोचेपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. शिक्षण, कमाई, गुन्ह्यांपासून दूर राहणे, या सगळ्यांत बालवर्गवाले बरे निघाले. अर्थात संख्या लहान आणि तिथे शिक्षक भरपूर होते, म्हणून आकडा जसाच्या तसा आपल्याला लावणे बरोबर नाही.

आपल्याकडे एका केंद्राला एक सेविका आणि एक मदतनीस. सेविकाताईंची सकाळ कशी जाते ते पाहा: आहाराचा साठा, गरोदर मातांच्या याद्या, टीएचआरची (घरी न्यायच्या शिध्याची) पाकिटे, वजन-उंची, गृहभेटी, वर सर्वेक्षणाचे एखादे काम, आणि हे सगळे पोषण ट्रॅकर या मोबाईल अ‍ॅपवर भरायचे. २०२१ मध्ये तर महाराष्ट्रातल्या सेविकांनी कुचकामी मोबाईल सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. यातून तास-दीड तास उरला तर गाणे, गोष्ट, ठोकळे. शेजारी नर्सरीचा बोर्ड लागला की ज्याला फी झेपते तो पालक मूल तिकडे नेतो. तिथे तीन वर्षांच्या पोराला एबीसीडी गिरवायला लावतात, हे त्याला शिक्षण वाटते. गिजुभाईंच्या बालमंदिराचा पाया याच्या बरोबर विरुद्ध होता.

सेविका सरकारी कर्मचारी नाही, मानधनावरची मानसेवी. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निदान ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. धोरण म्हणते, बारावी झालेल्या सेविकेने सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेलीने वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा, तोही काम सांभाळून, टीव्हीच्या वाहिन्यांवरून आणि स्मार्टफोनवरून. २०३० पर्यंत प्रत्येक मुलाला दर्जेदार पूर्वशिक्षण, हे त्याच धोरणाचे उद्दिष्ट आहे.