‘मिशन’ म्हणजे केवळ धर्मांतर?

‘मिशन या शब्दाचा अर्थच धर्मांतर, त्यामुळे ख्रिस्ती माणसाची सेवा हे निव्वळ निमित्त असते,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र ‘पाठवणे’ एवढाच आहे. शिष्य करण्याची आज्ञा बायबलमध्ये आहे (मत्तय २८:१९), ती नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच्या तीनच अध्याय आधी भुकेल्याला अन्न आणि परक्याला आसरा देण्याविषयी जे सांगितले आहे, त्याला धर्माची अट जोडलेली नाही. बायबलमधल्याच लूकच्या दहाव्या अध्यायातील गोष्टीत तर आदर्श ठरतो तो वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणारा शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या लेखी परक्या पंथाचा माणूस, आणि तो जखमीची श्रद्धा विचारत बसत नाही.

पडताळा घेणे अवघड नाही, कारण मराठी बायबल सहज मिळते. शिवाय गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी पुण्याच्या कॅम्प भागातील एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून पाहावे: धर्मगुरू पाणी आणि पंचा घेऊन खाली वाकतात व साध्या भाविकांचे पाय धुऊन पुसतात. हा विधी बायबलमधील योहानाच्या तेराव्या अध्यायातून आला आहे, जिथे येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो. नंतर रांगेने दिली जाणारी पवित्र भाकर मात्र बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षाविधी) झालेल्या कॅथलिकांसाठीच असते, तेव्हा त्या रांगेत पाहुण्याने उभे राहू नये.