सुटी हिवाळी केबिन (लहान ट्रॅक्टर)

लहान ट्रॅक्टरच्या चालकाभोवती फक्त थंडीपुरती बसवायची आणि बर्फ सरताच उतरवून ठेवायची बंद केबिन म्हणजे सुटी हिवाळी केबिन. पुढे काच, वर छप्पर, दोन बाजूंना दारे आणि मागे पडदा किंवा उघडणारी काच अशी तिची रचना असते. अमेरिकेचा ईशान्य भाग, पंचमहासरोवरांभोवतीची राज्ये आणि कॅनडा येथे तिचा वापर जास्त आहे. वारा आणि बर्फ अडवणे एवढेच तिचे काम. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवण्याचे काम सीटमागच्या पोलादी कमानीचे असते. या कमानीला रोप्स म्हणतात. केबिन बसवतानाचे जवळजवळ सगळे निर्णय या एका फरकावर ठरतात, आणि घातक चुकाही तो विसरल्यानेच होतात.

गरज. या भागात घर रस्त्यापासून आत असते आणि घरापर्यंतच्या खासगी वाटेवरचा बर्फ ज्याचा त्याने काढायचा असतो. महासरोवरांवरून येणारे थंड वारे पाण्याची वाफ उचलतात आणि किनाऱ्यालगत बर्फाचे थर टाकतात. मिशिगन राज्यातील किवीनॉ परगण्यात १९७८-७९च्या हिवाळ्यात सुमारे ९९० सेंटिमीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. एवढा बर्फ फावड्याने हटत नाही, म्हणून २० ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला स्नो ब्लोअर (बर्फ दूर उडवणारे यंत्र), पाते किंवा लोडर (पुढची उचलणारी बादली) जोडतात. मात्र हे ट्रॅक्टर बहुधा उघडेच विकले जातात. हवा उणे १८ अंश सेल्सिअस असताना ताशी २४ किलोमीटर वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २८ अंशांइतकी लागते आणि अर्ध्या तासात हिमदंशाचा धोका उभा राहतो. ब्लोअरने उडवलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उलट फिरून चालकाच्या तोंडावर येतो, तो त्रास वेगळाच. ब्लोअर मागच्या पीटीओवर (इंजिनाची शक्ती अवजाराला देणारा फिरता दांडा) असेल, तर चालकाला मान मागे वळवून ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चालवावा लागतो. अशा वेळी चष्म्यावर बर्फ साचला की पुढचे काही दिसत नाही.

पूर्वपीठिका. कारखान्यातूनच बंद केबिन घेऊन आलेला पहिला गाजलेला ट्रॅक्टर म्हणजे मिनिआपोलिस-मोलिन कंपनीचा १९३८ सालचा यूडीएलएक्स. त्यात हीटर आणि रेडिओसुद्धा होता, पण किंमत फार असल्याने असे जेमतेम दीडशे ट्रॅक्टर बनले. सामान्य शेतकऱ्याने निवडलेला मार्ग स्वस्तातला होता. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जाड कॅनव्हासचे पडदे बांधायचे, म्हणजे पंख्याने मागे फेकलेली गरम हवा थेट चालकाच्या पायांवर येते. हे पडदे आजही विकले जातात, आणि उघड्या ट्रॅक्टरवर एवढ्या कमी पैशांत एवढी ऊब दुसरे काही देत नाही.

लहान ट्रॅक्टर अमेरिकेत रुजवले ते जपानी कारखान्यांनी. कुबोटाने १९६९ मध्ये २१ अश्वशक्तीचा एल-२०० तेथे विक्रीला आणला. रोप्सचा उगम मात्र स्वीडनमधला आहे. नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची करण्याचा पहिला नियम त्या देशाने १९५९ मध्ये केला. अमेरिकेत २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या, २० अश्वशक्तीहून मोठ्या आणि पगारी कामगार चालवतात अशा ट्रॅक्टरवर ती बंधनकारक झाली. १९८५ पासून उत्पादकांनी आपणहून ती २० अश्वशक्तीवरच्या सगळ्याच नव्या ट्रॅक्टरवर द्यायला सुरुवात केली. सुट्या केबिनला टेकायला एक भक्कम आधार त्यामुळे आयताच मिळाला.

प्रकार. सर्वांत हलकी केबिन नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या व्हिनाइलची असते. ती काही शे डॉलरांत मिळते आणि एकटा माणूस ती चढवू शकतो. मधल्या प्रकारात पुढची काच आणि छप्पर टणक, तर दारे चेन (झिप) लावलेल्या व्हिनाइलची असतात. तिसरा प्रकार पोलादी चौकट, काचेची दारे आणि वायपर असलेला. त्याचे वजन शंभर किलोंच्या पुढे आणि किंमत काही हजार डॉलर. वर्षात दहा-पंधरा दिवस बर्फ काढणाऱ्याला मधला प्रकार पुरेसा आहे. पोलादी केबिन घेऊन ती कधीच न उतरवणारे पुष्कळ असतात. त्यांनी कारखान्याची केबिन असलेला ट्रॅक्टर घेणे जास्त शहाणपणाचे, कारण त्या केबिनमध्ये रोप्स आणि खोली एकसंध असतात आणि हीटर जागच्या जागी असतो.

बसवणी. सुरुवात टेप हातात घेऊन करावी, पान्हा नंतर. अमेरिकेतील घरगुती गॅरेजच्या दाराची उंची साधारण २.१ मीटर असते. कित्येक ट्रॅक्टरची रोप्स त्याहून उंच असते, म्हणून ती मधल्या बिजागरीतून दुमडून ट्रॅक्टर आत घेतात. केबिन चढली की रोप्स दुमडता येत नाही. ही गोष्ट लक्षात न घेतल्याने ट्रॅक्टर हिवाळाभर अंगणात उभा राहतो.

ट्रॅक्टर सपाट फरशीवर, चारही टायरांत सारखी हवा भरून उभा करावा. रोप्स पूर्ण ताठ करून तिच्या पिना लावाव्यात आणि पिनांच्या खिळी तपासाव्यात. त्यानंतर छपराची चौकट यू-क्लॅम्पने रोप्सला बांधतात. क्लॅम्प आणि पाइप यांच्यामध्ये रबराची पट्टी घालतात. बिजागरीवर किंवा पिनेजवळ क्लॅम्प कधीच बसवू नये. रोप्सला भोक पाडायचे नाही आणि वेल्डिंगही करायचे नाही. ट्रॅक्टर उलटताना ही कमान ठरावीक रीतीने वाकून धक्का सोसते आणि तिची चाचणी तशीच झालेली असते. एका भोकाने त्या जागी पोलाद कमकुवत होते आणि चाचणीला अर्थ उरत नाही. तयार किटमध्ये ड्रिलिंगची सूचना असेल, तर ती फक्त मडगार्डच्या पत्र्यापुरती आहे ना, हे आधी पाहावे.

सगळे बोल्ट आधी हाताने लावून ढिले ठेवतात. पुढच्या काचेची चौकट खाली बोनेटमागच्या पत्र्यावर टेकते आणि वर छपराला जुळते. दार लावून पाहिले की खरी परीक्षा सुरू होते. दाराभोवतीची फट वर बोटभर आणि खाली नाहीशी झाली असेल, तर चौकट तिरकी आहे. छप्पर किंचित सरकवून फट चारही बाजूंनी सारखी झाली की बोल्ट समोरासमोरचे जोडीने आवळत जायचे. एकच बाजू आधी घट्ट केली, तर चौकट पिळते आणि पहिल्याच खड्ड्यात काचेच्या कोपऱ्याला तडा जातो.

मग फटी बुजवण्याचे किचकट काम येते. वारा काचेतून येत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलभोवतीच्या भोकांतून, हायड्रॉलिक लिव्हरच्या खाचेतून आणि मडगार्डखालून येतो. पेडलभोवती रबराचा उभा चिरलेला तुकडा बसवतात, लिव्हरला कातडी किंवा रबरी बूट घालतात, उरलेल्या फटींत फोमची चिकटपट्टी. ही पट्टी साधारण १० अंशांखालच्या थंड पत्र्यावर नीट धरत नाही, म्हणून ऑक्टोबरमध्येच बसवणी उरकावी. व्हिनाइलचेही तसेच आहे. थंडीत ते कडक होते आणि गुंडाळी उलगडतानाच फाटते. उबदार जागेत तासभर पसरून ठेवले की मऊ पडते.

लोडर चालवायची दांडी सीटच्या उजवीकडे असल्यामुळे त्या बाजूचे दार बऱ्याचदा नीट उघडत नाही. अशा केबिनमधून बाहेर पडायला मागची काच किंवा पडदा आतून एका हाताने उघडता आला पाहिजे. मागच्या पडद्याने हळू चालणाऱ्या वाहनाचा नारिंगी-लाल त्रिकोणही झाकता कामा नये. रस्ता ओलांडताना मागून येणाऱ्या मोटारीला तोच त्रिकोण दिसतो.

ऊब, वाफ आणि विषारी वायू. वारा थांबला की निम्मे काम होते. व्हिनाइलच्या केबिनमध्ये उन्हाच्या दिवशी नुसत्या इंजिनाच्या उष्णतेवर जाकीट काढायची वेळ येते. ढगाळ, बोचऱ्या दिवशी मात्र हीटर लागतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे १५० वॅटचे हीटर कामाचे नाहीत. १२ व्होल्टवर ते साडेबारा अँपिअर ओढतात, म्हणजे लहान ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरचा मोठा हिस्सा, आणि देतात किती? स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीरच सुमारे १०० वॅट उष्णता टाकत असते.

खरा उपाय इंजिनाच्या गरम कूलंटवर (इंजिन थंड ठेवणारे द्रव) चालणारा हीटर. थर्मोस्टॅटजवळून गरम कूलंट घेऊन तो छोट्या रेडिएटरमधून फिरवतात आणि पाण्याच्या पंपाच्या ओढीच्या बाजूला परत सोडतात. नळी एक्झॉस्टपासून लांब, पत्र्याच्या धारेवर घासणार नाही अशी न्यावी. जोडणीनंतर हवा काढणे महत्त्वाचे. नळीत बुडबुडा अडकला की हीटर गार राहतो आणि दोष पंख्याला दिला जातो. कूलंटमध्ये ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असेल, तर ते उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही.

केबिनमध्ये प्रोपेनची शेगडी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. हे अजिबात करू नये. बंद जागेत ऑक्सिजन कमी पडला की ज्वाला कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोके दुखून गुंगी येईपर्यंत चालकाची विचारशक्ती मंदावलेली असते. शिवाय एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. ती सगळी थंड काचेवर दव होऊन बसते, म्हणजे शेगडीने हात शेकतात आणि समोरचे दिसेनासे होते. एक्झॉस्टचे तोंड केबिनखाली येत असेल, तर शेगडी नसतानाही हाच वायू फटींतून आत शिरतो. वरच्या बाजूला थोडी हवा खेळती ठेवावी आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा.

काच आणि आवाज. पॉलिकार्बोनेट (काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक) फुटत नाही, पण ओरखडते. त्यावर कोरडाच वायपर फिरवला किंवा अमोनिया असलेला क्लीनर वापरला, तर एका हंगामात ते धुरकट होते. पुढच्या बाजूला खरी काच असावी, इतरत्र पॉलिकार्बोनेट चालते. पत्र्याचे छप्पर इंजिनाचा आवाज कोंडून घुमवते, इतका की उघड्या ट्रॅक्टरपेक्षा आत जास्त ऐकू येतो. छताला आतून फोमचे अस्तर लावतात, तरीही कानांवर संरक्षक असावेतच.

महाराष्ट्राशी संबंध. आपल्याकडे बर्फ नाही. ट्रॅक्टरवर हूड चढते ते उन्हापावसासाठी. पण महिंद्राचे लहान ट्रॅक्टर अमेरिकेत विकले जातात, आणि तेथील थंड राज्यांत त्यांवरही अशा केबिन बसतात. नाशिककडच्या द्राक्षबागांत अडचण उलटी आहे. वेलींच्या मांडवाखालून जायचे असल्याने तेथे उंच काहीच चालत नाही, ना हूड, ना केबिन.

उतरवणी. हंगाम संपला की आधी दारे आणि मागचा भाग बिजागरीतून उचलून काढतात, म्हणजे उरलेले वजन निम्म्यावर येते. छप्पर आणि काचेची चौकट तुळईला टांगलेल्या चेनपुलीने उचलतात आणि ट्रॅक्टर खालून पुढे काढतात. व्हिनाइल धुऊन, सुकवून, गुंडाळून उंचावर ठेवावे. जमिनीवर ठेवलेल्या फोममध्ये उंदीर घर करतात. क्लॅम्पच्या रबराखाली, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पाणी साचून रोप्सचा रंग उडालेला असतो. तेथला गंज घासून प्रायमर आणि रंग लावावा. पाइपला खड्डे पडले असतील, किंवा पिनेचे भोक लांबट झाले असेल, तर ती कमान दुरुस्त न करता बदलावी लागते.