वारीचा नेम कसा बांधला गेला: पुण्यातून जाणाऱ्या पालख्यांची पार्श्वभूमी

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी प्रस्थान ठेवते. पुण्यात दोन्ही पालख्या जवळजवळच्या पेठांत उतरतात. तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात, माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या. दोन रात्रींचा मुक्काम उरकला की हडपसरला वाटा फुटतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते, माउलींची दिवे घाट चढून सासवडला. सासवडचा टप्पा सगळ्यात लांब, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि तिथीचा क्षय-वृद्धी नसेल तर त्याच दिवशी एकादशीचा उपवास.

अशा दिवशी नुसत्या उत्साहावर घाट चढत नाही. भाव रोज सारखा नसतो. पायाला फोड येतात, पाऊस धरतो, घरची काळजी डोकं वर काढते. आपण कशासाठी निघालो हे अशा वेळी आठवून द्यायला भोवतीचा समाज लागतो. वारीची शिस्त हे ओळखूनच बांधलेली आहे.

पायी वारी पालख्यांहून जुनी. ज्ञानेश्वरांच्याही आधी पंढरीला चालत जाण्याची रीत होती असं परंपरा सांगते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन आळंदीला यायचं, माउलींच्या पादुका घ्यायच्या आणि एकाच पालखीतून पंढरपूर गाठायचं, असा तो क्रम. बरीच वर्षं तो तसाच चालला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींची पालखी वेगळी झाली, ती हैबतबाबा आरफळकर यांच्यामुळे. साताऱ्याकडच्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. फौजेचा तळ, कूच, रांग या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या. त्यांची छाप सोहळ्यावर आजही दिसते. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून घोडे आणि तंबू येऊ लागले, दिंड्यांना क्रमांक मिळाले. रथापुढच्या 27 दिंड्यांचा क्रम ठरलेला, बाकीच्या रथामागे. आळंदीच्या महाद्वारातली पहिली पायरी हैबतबाबांची. माउलींकडे जाताना आधी तिला हात लावायचा.

सकाळी तीन वेळा कर्णा वाजतो. पहिल्याला आवराआवर करून सामान ट्रकवर टाकायचं, दुसऱ्याला दिंडीत उभं राहायचं, तिसऱ्याला चालू लागायचं. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये पखवाजी, मागे वीणेकरी, त्यांच्या मागे डोईवर तुळस घेतलेल्या बाया. वीणा जमिनीवर टेकवायची नाही. एकाचा हात भरला तर दुसऱ्याने गळ्यात घ्यायची. अभंगांचा क्रमही ठरलेला: मंगलाचरण, काकडा, भूपाळ्या, वासुदेव, पुढे गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, दुपारनंतर हरिपाठ. आज काय म्हणायचं हा प्रश्न कोणालाच पडत नाही, त्यामुळे दमलेल्या माणसालाही म्हणता येतं.

बिघडतं कुठे? दिंडी फार लांबली की मागच्यांना पखवाज ऐकू येत नाही, टाळ मागे पडतो आणि पुढे एक चाल, मागे दुसरी असं होतं. म्हणून टाळकऱ्यांनी पखवाजाला धरून चालावं. पुण्यातून एका दिवसासाठी येणारे गट हौसेने क्रमांकाच्या दिंड्यांमध्ये घुसतात आणि रांग तुटते. त्यांनी मोकळ्या समाजात, म्हणजे कुठल्याही दिंडीत नसलेल्या वारकऱ्यांबरोबर चालावं, नाहीतर एखाद्या दिंडीत आधी विचारून, भिशी (दिंडीची वर्गणी) भरून नाव घालावं.

सगळ्यात जपण्यासारखी वाटते ती संध्याकाळची समाजआरती. तळावर पालखीभोवती दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार चोप उंच करतो आणि सगळं शांत होतं. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिकडे जातो, म्हणणं ऐकून घेतलं जातं, निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात, आणि त्यानंतर आरती. मनात रुसवा घेऊन कोणी झोपू नये, एवढी सोय त्या काळी करून ठेवलेली आहे.

2020 आणि 2021 मध्ये साथीमुळे पायी वारी झाली नाही. मोजक्या लोकांसोबत पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. चालणं थांबलं तरी घरोघरी हरिपाठ ठरल्या वेळी होत राहिला. ज्यांना अठरा-वीस दिवस काढणं जमत नाही त्या पुणेकरांनाही हीच वाट मोकळी आहे: वद्य एकादशीला आळंदी, आणि रोज संध्याकाळी चार-पाच जणांनी मिळून हरिपाठ. अठ्ठावीस अभंगांना अर्धा-पाऊण तास लागतो. वेळ एकच ठेवावी, टाळाचा एक तरी जोड असावा, आणि कोणी दोन दिवस दिसलं नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन यावं.